लाल पितळेत, हिरवं कपात

आपा,

जियारतीच्या दिवशी तुमच्या घरी बसले होते आणि माझं डोकं तापत होतं. तुम्हाला जाऊन तिसराच दिवस. पुढच्या खोलीत सतरंजीवर बायका दाटीनं बसलेल्या. निम्म्या कुराणाचे सिपारे पढत होत्या, निम्म्या तुमच्याबद्दल बोलत होत्या. काय तर म्हणे, जैबुनआपांचा स्वभाव किती गरीब. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. कुणी काही म्हटलं तर ऐकून घ्यायच्या. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, खोटं आहे, साफ खोटं. तुमच्याइतकी मानी बाई मी अख्ख्या औरंगाबादेत पाहिली नाही. तीस वर्षं माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी बसून तुम्ही मी शिवलेल्या ब्लाउजांना, परकरांना, बाळांच्या झबल्यांना मणी लावलेत. तीस वर्षांत एकदाही 'कुसूम, माझं एवढं कर' म्हणाला नाहीत. याला गरीब स्वभाव म्हणत नाहीत.

मग तुमची सून नसीम चहा देता देता माझ्याजवळ टेकली. आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, अम्मीला तीन सालांपासून दिसत नव्हतं. उजेड तेवढा कळायचा. माणसाचा आकार कळायचा. रंग तर बिलकुल नाय."

मला वाटलं, दुःखानं पोरगी काहीबाही बोलतेय. म्हटलं, "अगं, माझ्याकडं येत होत्या की रोज. काम करत होत्या."

"व्हय. सकाळी सुया मीच ओवून द्यायची. वीस-पंचवीस. त्या गादीत खोचून. तुम्हाला बोलायचं नाय म्हणून कसम घातली होती."

हातातला चहा तसाच राहिला. मला रडू यायला हवं होतं. शेजारची बाई तर माझ्या खांद्यावर हात ठेवून वाटच बघत होती. पण मला संताप आला, आपा, आणि तो अजून उतरलेला नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, मला उर्दू येत नाही, तरी लिहिते आहे. समोरासमोर बोलायला गेले असते तर तुम्ही नेहमीसारखं "जाऊ दे ना गं" म्हणून माझं तोंड बंद केलं असतंत. आज ते जमणार नाही.

ती सुयांची गादी! लाल मखमलीची, तळहाताएवढी, तीत दोरा ओवलेल्या सुया ओळीनं खोचलेल्या. मला वाटायचं, काय ऐट आहे बाईची, शस्त्रं परजून आल्यासारखी येते. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायची. "आमच्या आपांचं सगळं असं आधी तयार असतं." तुम्ही गालात हसायचात. आता कळतं कशाला हसायचात.

आणि तो पांढरा केस. दोनेक वर्षांपूर्वी मला शंका आली होती. तुम्ही उंबऱ्याला अडखळलात, मग चहाच्या कपाच्या शेजारी हात नेलात. मी म्हटलं, आपा, चला, डोळे दाखवून येऊ. सरकारी दवाखान्यात तपासतात. तुम्ही फणकारलात. "मला दिसत नाय? तुझ्या कानामागं पांढरा केस हाय बघ. तो उपट आधी, मग माझे डोळे काढ." मी आरशात बघितलं, तर खरंच होता. मी वरमले आणि विषय सोडून दिला. आता विचार करते, पन्नाशीच्या बाईच्या कानामागं पांढरा केस असायचाच. त्याला बघायला कशाला लागतं? अंधारात दगड मारलात आणि मी पडले. आठ दिवस सगळ्यांना सांगत होते, आपांची नजर काय तेज आहे.

हसू येतं आहे मला हे लिहिताना, आणि हसू येतं म्हणून आणखी राग येतो.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात आलात तेव्हा पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील. मी नवी सून, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत घर, पुढच्या खोलीत मशीन टाकून बायकांचे कपडे शिवायला नुकती सुरुवात केलेली. तुमच्या हातात एक गाठोडं होतं आणि त्यात एक कुडती. गळ्याभोवती मण्यांची वेल, इतकी बारीक की मी श्वास रोखून बघत राहिले. ज्या मोठ्या घरांसाठी तुम्ही हे काम करायचात त्यातली काही हैदराबादला गेली होती, काही त्याही पलीकडे, आणि जी राहिली त्यांना आता मणी लावलेले कपडे घालून मिरवायची इच्छा उरली नव्हती. तुम्ही यातलं काही बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "शिवता येतं तुला. पन कपडा मुका वाटतो." मला भयंकर राग आला होता. पहिल्या भेटीतच भांडण, बघा.

आमच्या घरात तुम्हाला आत घेणं सोपं नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत सासऱ्यांना घर सोडून बिडकीनला नातेवाइकांकडे राहावं लागलं होतं, आणि ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. तुमचा धाकटा भाऊ पोलीस ॲक्शनच्या दिवसांत घरातून जो गेला तो परत आला नाही. हे तुम्ही मला पंधरा वर्षांनी सांगितलंत, मणी ओवता ओवता, हात न थांबवता. तेव्हा मात्र आम्हाला फक्त आमचंच दुःख माहीत होतं. म्हणून तुम्ही ओट्यावर बसायचात, मी आत मशीनवर. आणि ओट्याच्या कोनाड्यात तुमच्यासाठी एक वेगळा कप ठेवलेला असायचा. पांढरा, निळ्या काठाचा. तुम्ही तो स्वतः विसळून ठेवायचात. चहा मी वरून ओतायची. सासूबाई नाही, मी. ती बिचारी आता नाही, तिच्यावर कशाला ढकलू?

पुढे वैशाखात ओटा तापून तवा झाला. एके दुपारी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "आत बस गं बाई. मनके तापत्याल, धागा जळंल." मण्यांचं कारण पुढे करून त्यांनी तुम्हाला आत घेतलं. तुम्हीही मण्यांसाठीच आत आल्यासारखं केलंत. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही आमच्याच कपातून चहा प्यायला लागलात. तुमचा कप कोनाड्यात तसाच राहिला.

तो निळ्या काठाचा कप एकदा पडला आणि त्याचा कान तुटला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तो उचलून फेकायला निघाले. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. मनक्याला होईल." आणि तीस वर्षं तो कप माझ्या खोलीत राहिला, मण्यांनी भरलेला. मला तो बघवायचा नाही. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ठेवला आहे. रोज सकाळी मला तो दिसावा म्हणून. तुम्हाला विचारायचं धाडस कधी झालं नाही, आणि आता तर विचारायची सोयच राहिली नाही.

आपलं कायमचं भांडण मात्र कपाचं नव्हतं, गाठीचं होतं. दर पाच मण्यांनंतर कापडाच्या मागच्या बाजूला गाठ मारायची, हा तुमचा नियम. त्यात वेळ जायचा. लग्नसराईत गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली असायची आणि तुम्ही आपल्या पाच मणी, गाठ, पाच मणी, गाठ. मी चिडायची. "अहो, लांब दोरा घ्या आणि शेवटी एकच मारा. उलटून कोण बघतंय?"

"अंगाला लागतं ते उलटंच, कुसूम. आन् दोरा तुटला तर पाच जातील. सगळा बाग नाय जायचा."

तुम्ही वेलबुट्टीला बाग म्हणायचात. माझ्या मंजूचा पाचव्या वाढदिवसाचा फ्रॉक दाराच्या कडीला अडकून टरकला तेव्हा मला तुमचा नियम पटला. पोरगी भोकाड पसरून रडत होती आणि तुम्ही जमिनीवर हात फिरवत मणी गोळा करत होतात. चार सापडले. मी म्हटलं, झालं. तुम्ही म्हणालात, "पाचवा हाय. मशीनखाली बघ." मी झोपून हात घातला, तर होता. मंजू रडायची थांबली आणि तिला वाटायला लागलं, जैबुनखालाला सगळं आधीच कळतं. लग्न होऊन सासरी गेली तरी तिचं मत तेच आहे. तिच्या मुलीचं बारशाचं झबलंही तुम्हीच मण्यांनी मढवलंत. गळ्यापाशी एकही मणी लावला नाहीत, बाळाला टोचेल म्हणून. मला ते सुचलं नसतं. माझ्या हातून नुसते कपडे झाले असते, आपा. मुके.

असो. मी रागात आहे, हे विसरता कामा नये.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही एक फर्मान काढलंत. तोवर मणी कशातही असायचे. त्या दिवसापासून लाल पितळेच्या वाटीतच, हिरवं कपातच, पांढरं टवका उडालेल्या बशीत, सोनेरी तेलाच्या डब्याच्या झाकणात आणि निळं करवंटीत. बाजारातून मणी आणून ओतायचं काम माझं. रोज बसताना तुम्ही विचारायचात, "लाल पितळेत हाय ना?" आणि मी मशीनवरून म्हणायची, "हाय हो, हाय." एकदा मी थट्टाही केली. "आपा, म्हातारपणी हे काय सोवळं काढलंत?" तुम्ही म्हणालात, "व्हय बाई. मनक्यांचं सोवळं." दोघी पोट धरधरून हसलो. तुम्हीही हसलात! तेव्हा तरी सांगायचं होतं. त्या हसण्यात सांगितलं असतंत तर मी रडलेसुद्धा नसते.

सगळे मणी काचेचे, एकाच मापाचे. बोटाला लाल काय आणि हिरवा काय. पण पितळ कळतं, कान तुटलेला कप कळतो, बशीचा टवका कळतो, करवंटीचा खरखरीतपणा कळतो. तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच खोलीत आपली सोय करून घेतलीत आणि मला पत्ता लागला नाही. मी स्वतःला हुशार समजते, बरं का. कापड हातात घेतलं की किती आटेल ते सांगते.

गेल्या दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढलं. भांडेवाली आली होती. तिला जुन्या साड्या दिल्या आणि त्यावर पाच वाट्या घेतल्या, स्टीलच्या, चकचकीत, एकसारख्या. वर एक गोल ताटही घेतलं. तुमची पितळेची वाटी तिच्या टोपलीत गेली. बशी, झाकण, करवंटी कचऱ्यात. आणि कप मी स्वतः कोपऱ्यावरच्या उकिरड्यापर्यंत नेला आणि दगडावर आपटून फोडला, कुणी उचलून परत आणू नये म्हणून. सगळ्यांना सांगितलं, आपांसाठी दिवाळीची भेट आणली आहे. भेट कसली? मला तो कप घालवायचा होता. माझी तीस वर्षांची लाज उकिरड्यावर टाकायची होती आणि वर तुमच्याकडून कौतुक करून घ्यायचं होतं.

दिवाळीनंतर तुम्ही आलात. मी ताट तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही एकेका वाटीच्या काठावरून बोट फिरवलंत. पाचही वाट्यांवरून. नंतर परत एकदा.

"चांगल्या हायत," तुम्ही म्हणालात. "कप कुठंय?"

"टाकला. किती दिवस ठेवायचा तो?"

तुम्ही मान खाली घातलीत आणि ताट जवळ ओढलंत. मला वाटलं, तुम्हालाही भरून आलं आहे. मला वाटलं, आता आपलं ते जुनं सगळं मिटलं. किती मूर्ख असावं माणसानं!

मग तुम्ही विचारलंत, "लाल कुठली?"

"ही काय, दाराकडची. तिच्या उजवीकडं हिरवी, मग पांढरी, सोनेरी, निळी."

तुम्ही ते पाठ केलंत. वाटीवरून रंग ओळखता येईना म्हणून जागेवरून ओळखायला लागलात. पण संध्याकाळी ताट उचलून मी फळीवर ठेवायची आणि सकाळी काढून तुमच्यापुढे मांडायची. गोल ताट ते. त्याला पुढं नाही, मागं नाही. मी ते हाताच्या सवयीनं रोज एकाच बाजूनं धरून ठेवायची, पण पहिल्या दिवशी मांडलं होतं तसंच ते बसतंय का, हे कधी बघितलं नाही. पहिले दोन दिवस तुम्ही विचारलंत, "लाल दाराकडंच हाय ना?" तिसऱ्या दिवशी मी कटकट होऊन म्हणाले, "अहो आपा, समोर तर दिसतंय!" त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत. एकदाही नाही. तुमचा मान बघा! त्यापेक्षा चुकीचा रंग लावलेला चालला तुम्हाला.

तेव्हा आपल्याकडे छावणीतल्या त्या बाईंच्या मुलीचं लग्नाचं ब्लाउज होतं. दुधी रंगाचं सिल्क. पाठीवर वेल दिवाळीच्या आधीच पुरी झालेली, बाह्या राहिलेल्या. लाल फुलं, हिरवी पानं, कडेनं पांढरी ओळ, फुलाच्या पोटात सोनेरी ठिपके आणि बाहीच्या टोकाला निळा मोर. झालेला भाग तुम्ही मलमलीत गुंडाळून ठेवायचात, कुणालाही बघू द्यायचा नाहीत. मी मशीनवर पाठ करून बसलेली, लग्नसराई ऐन भरात. त्या बाई मुलीला घेऊन आल्या, नातेवाईक बायकाही होत्या दोन-तीन, आणि मी मोठ्या तोऱ्यात मलमल उलगडली.

बाह्यांवर हिरवी फुलं होती. पानं पांढरी. मोर लाल.

मुलगी आधी हसली आणि मग रडायला लागली. तिची आई म्हणाली, "ही काय चेष्टा आहे?" मी तुमच्याकडे वळले. मला नुसतं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मी ओरडले. परक्या बायकांपुढे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या बाईवर, गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. "आपा, डोळे आहेत की बटणं? लाज घालवलीत माझी!"

तुम्ही उठलात. मलमलीची घडी केलीत. हात जोडून त्या बाईंच्या दिशेनं म्हणालात, "चुकलं माझं." मग सुयांची गादी पदराखाली घेतलीत आणि भिंतीला हात लावत बाहेर गेलात. भिंतीला हात लावत! मी बघत होते की. मला वाटलं, नाटक करताहेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मी म्हटलं, येतील. मग म्हटलं, आल्याशिवाय मी जाणार नाही. छावणीतल्या त्या बाईंनी चार घरी सांगितलं की गुलमंडीच्या म्हातारीचं काम आता संपलं, आणि मी तेही खोडून काढलं नाही. मला वाटलं, खरंच आहे की. तुमच्या घरापासून माझं घर चालत दहा मिनिटांवर आणि सात महिने मी ती दहा मिनिटं चालले नाही. ईदला तुम्ही शीरखुर्म्याचा डबा पाठवलात, दरवर्षीसारखा, नसीमच्या हाती. दरवर्षी मी तो साखर घालून परत करते आणि स्वतः नेऊन देते. यंदा धुऊन, पुसून, रिकामा पाठवला. तुम्ही झाकण उघडून आत हात घातला असेल, आपा. हे नसीमला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांनी निरोप आला.

जियारतीहून परतले तशी मी ट्रंक उघडली आणि त्या बाईंनी न नेलेलं, तळाशी कोंबलेलं ते ब्लाउज बाहेर काढलं. खिडकीशी नेऊन नीट बघितलं. फुलांच्या जागी लालऐवजी हिरवं. हिरव्याच्या जागी पांढरं. पांढऱ्याच्या जागी सोनेरी, सोनेरीच्या जागी निळं आणि मोराच्या निळ्याच्या जागी लाल. प्रत्येक रंग एका जागेनं सरकलेला. दोन्ही बाह्यांवर सारखाच. मी उठले, ते स्टीलचं ताट काढलं, वाट्या मांडल्या, आणि ताट एका वाटीपुरतं फिरवलं. लालच्या जागी हिरवी आली.

तुमच्या हातून एकही मणी चुकला नव्हता. ज्या जागी जी वाटी मी सांगितली होती त्याच वाटीतून तुम्ही तो घेतला होता. मी ब्लाउज उलटं केलं. पाच मणी, गाठ. पाच मणी, गाठ. डोळे मिटून बोट फिरवलं. एक गाठ सैल नाही. जिला दिसत नव्हतं तिच्या त्या बाह्या, आणि मी चष्मा लावून शिवलेल्या कडेला दोन ठिकाणी टाका सुटलेला.

नसीमला मी नंतर विचारलं, का लपवलं म्हणून. ती म्हणाली, "अम्मी बोलायच्या, कुसूमला कळलं तर ती मला बसवून खायला घालंल. मला नाय पायजे."

घातलंच असतं! त्यात काय आभाळ कोसळलं असतं? मोतीबिंदू असेल तर तो निघालाही असता. मी तुम्हाला रिक्षात घालून नेलं असतं. ऑपरेशनची भीती वाटली असती तर हात धरून बसले असते. आणि नाहीच जमलं असतं तर रोज सकाळी तुमचं बोट धरून प्रत्येक वाटीत बुडवलं असतं, हे लाल, हे हिरवं. मला वेळ नव्हता, असं वाटलं का तुम्हाला? तीस वर्षांनी एवढीच ओळख?

पण मी खोटं लिहिणार नाही. पहिल्याच दिवशी मी तुमच्या हातातली सुई काढून घेतली असती. मायेनं, प्रेमानं, "आता आराम करा आपा" असं म्हणून. आणि गिऱ्हाइकांना सांगितलं असतं, बिचारी आंधळी झाली हो. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणून तर राग येतो. माझ्यापेक्षा तुम्ही मला जास्त ओळखत होतात, आणि तुमचं बरोबर होतं.

काल सकाळी मी छावणीत जाऊन आले. त्या बाईंनी ओळखलं. "ती म्हातारी गेली? अरेरे. वय झालं होतं, दिसत नसेल तिला."

मी म्हटलं, "तिची चूक नव्हती. माझी होती. वाट्या मी बदलल्या, ताट मी फिरवलं."

"जाऊ द्या हो. आम्ही विसरलोसुद्धा."

"तुम्ही चार घरी सांगितलंत तेव्हा विसरला नव्हतात," मी म्हणाले. "आता त्याच चार घरी हेही सांगा." त्या चहा टाकते म्हणाल्या, मी थांबले नाही. त्या सांगतील असं वाटत नाही. म्हणून दुसरी सोय केली आहे.

ते ब्लाउज मी माझ्या मापाचं केलं. अठरा वर्षांच्या मुलीचं ब्लाउज माझ्या अंगावर चढवायचं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. तुम्ही असता तर हसून हसून मणी सांडले असतेत. दोन्ही बगलांत चांगले चार-चार बोटं रुंद तुकडे घातले. तुमच्या एकाही मण्याला हात लावला नाही. बाह्या जरा घट्ट होतात, होऊ देत. पाठीवर लाल फुलं आहेत आणि बाह्यांवर हिरवी, मोर लाल आहे, आणि या वयात मी हे घालून निघाले की गुलमंडीत माना वळणार.

मी नसीमला विचारलं होतं, कबरीपाशी मला जाता येईल का. ती म्हणाली, "बायका नाय जात, मावशी." ठीक आहे. मग चाळिसाव्याला येते. तुमचं घर भरलेलं असेल. त्या सगळ्या असतील, तुमच्या गरीब स्वभावाचं कौतुक करणाऱ्या. पुढच्या खोलीत खिडकीशी, जिथं बसून नसीम तुमच्या सुया ओवायची म्हणे तिथं, हे ब्लाउज घालून मी उभी राहणार आहे. कुणी बाह्यांकडे बघून विचारलं तर सांगणार आहे, आणि नाही विचारलं तरी सांगणार आहे. ईदचा तो डबा नसीमकडून मागून घेतला आहे, तोही घेऊन येते आहे, साखर भरून.

'चुकलं माझं' हे दोन शब्द त्या दिवशी तुम्ही माझ्या वाटणीचे बोललात, आपा. मला न विचारता. आता ते मी बोलणार आहे, सगळ्या बायकांदेखत. आणि आवाज त्या दिवशी तुमच्यावर ओरडले होते तेवढाच ठेवणार आहे.